बनावट मठकथा आणि डेलॉनची साक्ष

कॅथलिक संस्थांच्या बंद दारांआड काय चालते ते ‘आतून’ सांगणारे आत्मनिवेदन हा एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट प्रचारवाङ्मयाचा एक लोकप्रिय प्रकार होय. १८३४ मध्ये बोस्टनजवळच्या चार्ल्सटाउन येथील अर्सुलाइन जोगिणींचा मठ जमावाने जाळला. पुढच्याच वर्षी त्या मठातून बाहेर पडलेल्या रिबेका रीडचे आत्मकथन आले. आणि १८३६ मध्ये न्यूयॉर्कला मारिया मंकच्या नावावर माँट्रियलच्या मठातील व्यभिचाराची व बालहत्यांची कहाणी प्रसिद्ध झाली. कैद, भुयारी वाट, पलायन हे गॉथिक कादंबरीचे सारे संकेत तीत आहेत. त्याच वर्षी विल्यम स्टोन हा प्रॉटेस्टंट संपादक ते पुस्तक घेऊनच मठात गेला आणि त्याने खोल्या, तळघरे, दारे तपासली. वर्णनाचा वास्तूशी मेळ बसेना. पुस्तक खोटे ठरले. त्याचा खप मात्र थांबला नाही.

याच घाटाची एक जुनी कहाणी गोव्यात घडली होती. चार्ल्स डेलॉन या फ्रेंच वैद्याला १६७३ मध्ये दमण येथे इन्क्विझिशनच्या आदेशावरून अटक झाली. पुढे गोव्याच्या कोठडीत राहून १६७६ मध्ये त्याला शिक्षा सुनावण्यात आली. १६८७ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. डेलॉन स्वतः कॅथलिक होता. त्याचा ग्रंथ मात्र प्रॉटेस्टंटांच्या हातचे शस्त्र झाला. १८०८ मध्ये क्लॉडियस बुकॅनन हा स्कॉटिश धर्मोपदेशक तो ग्रंथ घेऊन गोव्यात आला आणि ज्याच्याकडे उतरला त्या इन्क्विझिटरलाच त्याने तो वाचावयास दिला. प्रथांचे वर्णन खरे आहे, हेतूंचा आरोप मात्र चुकीचा, असे त्याने मान्य केल्याचे बुकॅनन नोंदवतो. बुकॅननला दिवाणखाना पाहता आला. कोठड्या दाखवण्यास नकार मिळाला.

एकच कसोटी, दोन निर्णय. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. आत्मनिवेदनाचा घाट सत्याची हमी देत नाही, कारण बनावट लेखकही नेमका तोच घाट उचलतो. तसेच प्रचारासाठी वापर झाला एवढ्यावरून साक्ष असत्य ठरत नाही. बुकॅनन स्वतःच पक्षकार असल्याने त्याची नोंदही तपासूनच घ्यावी लागते. हा विवेक पाठचिकित्सेचा आहे. मुक्तेश्वराच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवर ग्रंथ लिहिला आणि त्यात डेलॉन व बुकॅनन यांचे वृत्तांत समाविष्ट केले, हा योगायोग मानता येत नाही.

तथापि मराठी अभ्यासकापुढचा खरा प्रश्न पुढेच आहे. १५६० पासून गोव्यात या न्यायासनापुढे उभे राहिलेल्यांत नवख्रिस्ती आणि हिंदू मोठ्या संख्येने होते. त्यांची आत्मकथने नाहीत. १८१२ मध्ये न्यायासन रद्द झाले आणि त्याचे बहुतेक दप्तर नष्ट करण्यात आले. म्हणून त्या कोठडीतून येणारा ‘मी’ मुख्यतः एका युरोपीय वैद्याचा आहे. मारिया मंकसारख्या बनावट कथांनी केलेली सर्वांत मोठी हानी येथे दिसते. त्यांनी मठांची बदनामी तर केलीच, पण बंद दारांआडच्या प्रत्येक खऱ्या साक्षीवर संशयाची सावलीही टाकली. आणि ज्यांची साक्ष लिहिलीच गेली नाही, त्यांच्या वाट्याला तो संशयदेखील आला नाही.