वारसा आणि साक्ष : आनंद पटवर्धन यांचे माहितीपट

स्वातंत्र्यलढ्याच्या मराठी इतिहासलेखनात अहमदनगरच्या पटवर्धन बंधूंचे स्थान निर्विवाद आहे. १९३४ साली जयप्रकाश नारायण आदी सहकाऱ्यांसह काँग्रेस समाजवादी पक्षाची स्थापना करणारे आणि १९४२ च्या आंदोलनात भूमिगत राहून अखेरपर्यंत ब्रिटिशांच्या हाती न लागलेले अच्युतराव, तसेच त्यांचे बंधू रावसाहेब यांच्याविषयी मराठीत आदराने लिहिले गेले आहे. त्यांचे धाकटे बंधू वासुदेव मात्र या इतिहासात क्वचितच भेटतात. वासुदेवरावांच्या पत्नी निर्मला या सिंधमधील हैदराबादच्या. फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांसाठी कच्छमध्ये गांधीधाम वसविणारे भाई प्रताप हे त्यांचे वडील. निर्मलाबाईंनी शांतिनिकेतनात शिक्षण घेतले आणि पुढे मृत्पात्रकलेत, विशेषतः पात्रांवरील झिलईच्या प्रयोगांत, स्वतंत्र कीर्ती मिळविली. या क्षेत्रातील त्यांचा मार्गदर्शक ग्रंथ अभ्यासकांना परिचित आहे. अशा घरात १९५० साली जन्मलेल्या आनंद पटवर्धन यांच्या कारकिर्दीचा विचार करताना घराण्याच्या कीर्तीचे त्यांनी काय केले, हा प्रश्न अपरिहार्य ठरतो.

मुंबई विद्यापीठाची इंग्रजी साहित्याची पदवी १९७० साली घेऊन ते अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकले आणि १९७२ नंतर मायदेशी परतले. त्यांचा आरंभीचा महत्त्वाचा अनुबोधपट ‘क्रांती की तरंगें’ हा १९७४ च्या बिहार आंदोलनाचा आहे. काका अच्युतरावांनी चाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्यासमवेत पक्ष उभारला होता, त्याच जयप्रकाशांच्या नेतृत्वाखालील जनसमुदाय पुतण्याने चित्रित केला, हा योग लक्षणीय होय. उसन्या व तुटपुंज्या साधनांनी तयार झालेला हा पट आणीबाणीत गुप्तपणे दाखविला जात असे. त्याची एक प्रत तुकडे करून देशाबाहेर नेण्यात आली. त्यापाठोपाठ १९७८ साली आलेल्या ‘जमीर के बंदी’चा विषय होता राजकीय कैदी. आधीच्या पिढीने परकीय सत्तेचा तुरुंगवास अनुभवला होता. या पटातील कैदी स्वतंत्र भारताच्या तुरुंगांतले होते. वारशाचा अर्थ येथे बदलतो. पूर्वजांच्या त्यागाचे गुणगान करण्याऐवजी त्या त्यागातून निर्माण झालेल्या राज्यसंस्थेलाच जाब विचारणे, हे त्याचे रूप होते.

पुढील कारकिर्दीत शासनयंत्रणेशी झालेला संघर्ष हा या माहितीपटांच्या इतिहासाचाच एक भाग बनला. सरकारी राष्ट्रीय पुरस्कार एकीकडे आणि सरकारी दूरदर्शनचा नकार दुसरीकडे, असा विरोधाभास वारंवार दिसतो. अयोध्येतील वादावरील ‘राम के नाम’ (१९९२) या पटाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तरी त्याचे प्रक्षेपण मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच होऊ शकले. या पटात सलोख्याची भूमिका मांडणारे पुजारी लालदास यांची १९९३ साली हत्या झाली. त्यामुळे चित्रफितीवरील त्यांचे बोलणे हा आता ऐतिहासिक दस्तऐवज झाला आहे. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ (१९९५) या पटाच्या प्रक्षेपणाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २००६ साली निकाल पटवर्धन यांच्या बाजूने लागला. अण्वस्त्रस्पर्धेवरील ‘जंग और अमन’ (२००२) मध्ये प्रमाणन मंडळाने सुचविलेल्या काटछाटीविरुद्ध त्यांनी दाद मागितली आणि २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो पट अखंड दाखविण्यास अनुमती दिली. या निर्णयांचे महत्त्व एका दिग्दर्शकापुरते मर्यादित नाही. सार्वजनिक प्रसारमाध्यम हे शासनाचे नव्हे, तर नागरिकांचे आहे, या तत्त्वाला त्यांतून बळ मिळाले.

बिहार, अयोध्या, पंजाब, नर्मदाकाठ असा विस्तृत प्रवास करूनही या कॅमेऱ्याचे मूळ क्षेत्र मुंबई हेच राहिले. पदपथावरील व झोपडपट्टीतील रहिवाशांच्या जीवनावरील ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये शाहीर विलास घोगरे यांचा आवाज ऐकू येतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले आणि काही दिवसांतच घोगरे यांनी आत्महत्या केली. डाव्या चळवळीत वाढलेल्या या शाहिराने मृत्यूसमयी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. ती का, या प्रश्नाचा शोध घेण्यात पटवर्धन यांनी चौदा वर्षे घालविली. त्यातून २०११ साली तीन तासांहून दीर्घ ‘जय भीम कॉम्रेड’ साकार झाला. वर्गलढ्याच्या भाषेत जातीचे दुःख कितपत मावते, हा त्याचा गाभा आहे. उच्चवर्णीय, सुशिक्षित घरातील दिग्दर्शकाने हा प्रश्न हाताळावा का, अशी शंका घेता येईल, आणि ती अनाठायीही नाही. तथापि येथे वस्त्यांतील शाहिरांना, गायकांना आणि स्वजन गमावलेल्या कुटुंबांना दीर्घ अवकाश दिला आहे, हे नोंदविले पाहिजे. आंबेडकरी जलशांच्या व शाहिरीच्या अभ्यासकाला हा पट साधनग्रंथासारखा उपयोगी आहे.

घराण्याचा विषय पडद्याच्या केंद्रस्थानी आला तो मात्र कारकिर्दीच्या उत्तरार्धात. निर्मलाबाई २००८ साली व वासुदेवराव २०१० साली निवर्तले. त्यांच्या वार्धक्यात घरगुती स्वरूपात केलेल्या चित्रणातून २०२३ साली ‘वसुधैव कुटुंबकम्’ हा पट सिद्ध झाला. त्यात स्वातंत्र्यलढा आहे, फाळणी आहे, सिंधही आहे. परंतु हे सारे येते ते वृद्ध दांपत्याच्या थट्टामस्करीतून, विस्मरणातून, आजारपणातून. इतिहासग्रंथांत अच्युतराव व रावसाहेब आहेत. येथे मात्र ज्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले नाहीत, ते वासुदेवराव बोलतात.

‘हमारा शहर’मधील रहिवासी, अयोध्येतील पुजारी, घाटकोपरचे शाहीर आणि स्वतःचे वडील या सर्वांकडे पाहण्याची दृष्टी एकच आहे. अधिकृत नोंदीत ज्यांचा आवाज उमटत नाही, त्यांची साक्ष ते हयात असतानाच टिपून ठेवावी, ही ती दृष्टी. लालदास आणि घोगरे यांच्या बाबतीत हा अवधी किती अल्प असतो, हे काळाने दाखवून दिले. पटवर्धन घराण्याचा वारसा नावापेक्षा या निकडीच्या जाणिवेत अधिक खऱ्या अर्थाने चालू राहिला, असे म्हणावे लागेल. मराठी इतिहाससंशोधनाने ग्रंथ, पत्रे व दप्तरे यांच्या बरोबरीने अशा चित्रफितींनाही साधनांचा दर्जा देणे आता अगत्याचे आहे.