जुने संगणक आणि त्यांतली मराठी

गाडीचं चाक जुनं झालं की कुरकुरतं, मोटेचं चामडं जुनं झालं की गळतं. वस्तू झिजली म्हणजे जुनी झाली, हा आपला नेहमीचा हिशेब. संगणकाला हा हिशेब लागू पडत नाही. भडगाव-पाचोऱ्याकडच्या एखाद्या पतपेढीत किंवा टायपिंगच्या दुकानात पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक आजही बटण दाबलं की सुरू होतो. पडदा उजळतो, अक्षरं उमटतात. तरी त्याला जुना म्हणतात, कारण नवी ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्यावर चालत नाही. यंत्र झिजलेलं नसतं, त्याच्याकडून होणारी मागणी वाढलेली असते.

ही मागणी कशी वाढत गेली, ते आकड्यांतच पाहू. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. पडदा, कळफलक, छपाईयंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्राम, या सगळ्यांचा मेळ तो घालतो. १९९५ साली विंडोज ९५ आली, तेव्हा तिला किमान ४ मेगाबाइट मेमरी लागे. विंडोज ९८ ला १६ मेगाबाइट, २००१ च्या एक्सपीला ६४, २००७ च्या व्हिस्टाला ५१२. २००९ च्या विंडोज ७ ला १ गिगाबाइट आणि २०२१ च्या विंडोज ११ ला ४ गिगाबाइट. चार मेगाबाइटपासून चार गिगाबाइटपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षांत हजारपटीहून थोडी अधिक वाढ.

हा नुसता कंपन्यांचा धंदा आहे, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. धंदा आहेच. पण मागणी वाढण्याचं एक कारण आपल्या घरातलंही आहे, आणि ते म्हणजे आपली लिपी.

सुरुवातीचे संगणक रोमन लिपीसाठी घडले होते. रोमन अक्षरं एकापुढे एक ठेवली की काम भागतं. देवनागरीचं तसं नाही. 'कि' लिहिताना आपण आधी 'क' उच्चारतो, मग इकार, पण वेलांटी मात्र 'क'च्या आधी काढतो. 'अर्क' लिहिताना 'र' आधी येतो, पण तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' तर मूळ अक्षरांचा चेहराच बदलून टाकतात. हे सगळं संगणकाला समजावायचं, तर त्याच्याकडे तेवढी ताकद हवी.

डॉसच्या काळात ती नव्हती, म्हणून ताकद बाहेरून जोडावी लागली. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर जे काम झालं, ते १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनं पुढे नेलं. त्यातून जिस्ट कार्ड आलं. हे कार्ड संगणकाच्या आतल्या खाचेत बसवलं की डॉसमधल्या प्रोग्राममध्येही मराठी लिहिता येई. म्हणजे मराठी संगणकात शिरली ती यंत्राचा एक जादा भाग होऊन. पुढे संगणकांची घडण बदलली आणि त्या जुन्या खाचाच गेल्या. कार्ड धडधाकट असलं, तरी ते बसवायचं कुठे?

विंडोजच्या काळात वेगळी युक्ती निघाली. फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचे सुरेख आणि योगेश हे फाँट, पुढे शिवाजी आणि किरण, यांवर महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक आणि कवितासंग्रह वर्षानुवर्षं जुळवले गेले. साध्या यंत्रावरही हे छान चाले. मात्र पडद्यावर 'क' दिसला, तरी संगणकाच्या पोटात तो कुठलंतरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह म्हणूनच असे. शिवाय प्रत्येक घराण्याची मांडणी निराळी. एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे.

यावर तोड होती युनिकोडची. १९९१ मध्ये निघालेल्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले होते. पण क्रमांक मिळाले तरी ते नीट जुळवून दाखवणारा कारभारी हवा. विंडोजमध्ये तो आला विंडोज २००० पासून, म्हणजे नऊ वर्षांनी. विंडोज ९८ मध्ये ही सोय मुळात नव्हती. एक्सपीमध्ये होती, पण झाकलेली. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची आणि सीडी घालायची. तो चौकोन होता 'गुंतागुंतीच्या लिपी आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा' यांच्यासाठी. एका खुणेत मराठीही येई आणि उर्दूही. घरात दोन्ही लिप्या वावरलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं.

तेव्हा ध्यानात घ्या मंडळी, नव्या सिस्टिमनं जास्त मेमरी मागितली, त्यात थोडा वाटा आपल्या वेलांटीचा आणि रफाराचाही होता. ती किंमत देण्याजोगी होती. आज कुणीही मोबाइलवर मराठी लिहितो, ते त्यामुळेच.

नुकसान झालं ते मागे राहिलेल्या मजकुराचं. माझ्या पहिल्या संग्रहाची जुळणी एका डीटीपी केंद्रात झाली होती. बऱ्याच वर्षांनी ती सीडी नव्या संगणकात घातली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि प्रश्नचिन्हं यांची खिचडी. केंद्रातला जुना संगणक भंगारात गेलेला आणि त्याच्याबरोबर फाँटही. छापलेलं पुस्तक हाताशी होतं म्हणून कविता पुन्हा टाइप करता आल्या. ज्या संस्थांची इतिवृत्तं आणि गावांच्या माहितीची टिपणं कधी छापलीच गेली नाहीत, त्यांचं काय?

असं आपल्याकडे पूर्वीही घडलं आहे. खानदेशातल्या कितीतरी घरांत मोडीतली खरेदीखतं आहेत, आमच्याही घरात आहेत. कागद शाबूत, शाई ठळक, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली आणि वाचणारे संपत आले. आता एक पान लावून घ्यायचं तर मोडीचा जाणकार शोधावा लागतो. मोडी मागे पडायला पिढ्या लागल्या, फाँटचं तेच वीस वर्षांत झालं.

आता पुन्हा तीच वेळ आली आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ नुसती मेमरी पाहत नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ८ गिगाबाइट मेमरीचा चांगला चालता संगणकही तिच्या दारातून परत फिरतो. अशा संगणकावर लिनक्स चालू शकते. सी-डॅकनंही २००७ पासून 'बॉस' नावाची लिनक्स दिली आहे. घरच्या लेखनाला आणि शाळेच्या कामाला ती पुरे. पण तिथेही सगळंच जुनं कायम सांभाळलं जात नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहिली ती ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर, आणि २०१२ च्या अखेरीस त्याच ३८६ चा आधार लिनक्समधून काढून टाकला गेला. जन्म दिला त्या यंत्रालाही निरोप मिळाला.

यंत्राचं आयुष्य आपल्या हातात नाही. मजकूर मात्र वेळेवर हलवता येतो. बहिणाबाई लिहू शकत नव्हत्या. त्यांची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी वहीत उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली ती छापून आली आणि आज आपल्या ओठांवर आहेत. एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी उतरवून घेणारं माणूस लागतंच.

म्हणून ग्रंथालयं, शिक्षणसंस्था, पतपेढ्या आणि घरोघरचे लिहिणारे यांना एक विनंती. जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी एकदा सुरू करून पाहा. त्यातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी फाँट परिवर्तक मिळतात. बदललेला मजकूर मुळाशी ताडून पाहा, जोडाक्षरं हमखास चुकतात. मूळ फाँटची फाइलही जपून ठेवा. आणि जे फार मोलाचं असेल, त्याची एक प्रत कागदावर काढा. कागदाला ऑपरेटिंग सिस्टिम लागत नाही, वाचणारा तेवढा लागतो.