माचनूरचा रेडिओ

बिदर म्हटले की आपल्याला बहमनींचा किल्ला आणि बिदरीकाम आठवते. मला आताशा आठवतो तो जुन्या बिदर जिल्ह्यातल्या बायकांचा रेडिओ. ‘जुन्या’ अशासाठी, की १ नोव्हेंबर १९५६ ला या जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले, बिदर म्हैसूरकडे गेले आणि जहीराबाद आंध्रात. जहीराबादजवळचे माचनूर आज तेलंगणात आहे.

इथल्या दलित बायका कोरडवाहू तुकड्यांवर ज्वारी-तूर पेरणाऱ्या. त्यांची तक्रार अशी, की सरकारी रेडिओवरची तेलुगू आपली नव्हे आणि शेतीचा सल्लाही आपल्या कामाचा नव्हे. (शुद्ध भाषा कोणाची, हा वाद आपल्या गोव्याला काही नवा नाही!) डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी नव्वदीच्या अखेरीस युनेस्कोच्या मदतीने स्टुडिओ उभारला. ‘जनरल’ नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या दोघींनी बियाण्यांची माहिती, सणांची गाणी, झाडपाल्याची औषधे आपल्या बोलीत ध्वनिमुद्रित केली. पण परवाना कुठे होता? कॅसेटी वर्षानुवर्षे संघांच्या बैठकांतच वाजवाव्या लागल्या.

वास्तविक रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला होता. तो देणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते, आपले मराठीच. सरकारने स्वयंसेवी संस्थांना दार उघडले ते मात्र २००६ साली.

१५ ऑक्टोबर २००८ ला संघम रेडिओ सुरू झाला. उद्घाटनाला सावंतच आले होते. प्रसारणाची वेळ ठरली संध्याकाळी सातची, बायका शेतातून परतल्यानंतरची.