यमक : जुळ्यांचा शब्द
‘यमक जुळलं नाही’ असं आपण सहज म्हणतो. त्यातलं ‘जुळणं’ शब्दाच्या मुळाशी किती इमानी आहे, हे मात्र लक्षात येत नाही. संस्कृत ‘यम’ म्हणजे जुळा, त्यावरून यमक. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार अवघे चार, त्यांत हा एक. पण तिथलं यमक म्हणजे तीच अक्षरं पुन्हा यावीत आणि अर्थ बदलावा: एकदा ती मान, पुन्हा तो मान. जागा ओळीत कुठेही. ‘फुले-झुले’ हा आपला शेवटचा मेळ संस्कृतात अंत्यानुप्रास ठरतो. हिंदीत तो ‘तुक’, आणि यमकाचा जुना अर्थ तिथे टिकून आहे.

मग मराठीने चूक केली, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ हे नावच पडलं, मोरोपंतांनी आर्येच्या चरणान्ती अस्सल यमकं बसवली. मराठी कानाला हा अलंकार ओळीच्या शेवटीच भेटत राहिला. अर्थभेदाची अट गळून जागा तेवढी उरली असावी. पुढे सुरेश भटांनी गझलेतल्या काफियाला, म्हणजे जुळणाऱ्या शब्दाला, यमक आणि त्यापुढे तसाच पुन्हा येणाऱ्या रदीफला अन्त्ययमक म्हटलं. आज बालगीतापासून रॅपपर्यंत यमक म्हणजे हाच शेवटचा मेळ.