कापसाच्या मुलखातील परका धागा : पांढरकवडा परिसराच्या संदर्भात हातविणीच्या वस्तू आणि सूतनिवडीचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले पांढरकवडा हे कापसाच्या काळ्या जमिनीत वसलेले गाव आहे. वेचणी, रुई, सरकी, जिनिंग, गाठी हे शब्द येथील दैनंदिन व्यवहाराचे शब्द आहेत. तथापि याच परिसरातील एखाद्या घरात बाळासाठी टोपरे व मोजे विणले जातात, अथवा क्रोशाच्या सुईवर पर्स, तोरण वा टेबलावरचे आच्छादन आकार घेते, तेव्हा हातातील धागा बहुधा दूरच्या कारखान्यातून आलेला ॲक्रिलिकचा असतो. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्याला 'लोकर' म्हणतात. मेंढीशी ज्याचा संबंध नाही अशा धाग्याला लोकर म्हणावे, आणि शिवारात पिकणाऱ्या कापसाचा धागा विणण्यासाठी सहजी मिळू नये, ही परिस्थिती इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घेण्याजोगी आहे.

सूतनिवड हा प्रश्न सामान्यतः गृहविज्ञानाचा अथवा व्यक्तिगत आवडीचा मानला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, विणणारीच्या निवडीपुढे जे पर्याय असतात ते तिने ठरवलेले नसतात. कापूस पिकवणारे घर आणि सूत वापरणारे घर यांची गेल्या दीडशे वर्षांत जी फारकत झाली, तिने ते ठरवले आहेत.

संज्ञा आणि तंत्र

मराठीत 'विणकाम' हा शब्द मागावरील विणाईला आणि सुयांवरील विणीला समानच लावला जातो. तंत्रदृष्ट्या मात्र हे दोन निराळे प्रकार होत. मागावर ताणा आणि बाणा काटकोनात गुंफले जातात. सुयांवर एकाच अखंड धाग्याचे फास एकमेकांत ओवले जातात आणि 'सुलट' व 'उलट' या दोन टाक्यांतून सारी नक्षी निघते. क्रोशाच्या कामात हीच किमया एका आकडेदार सुईने साधते.

सुयांवरील वीण युरोपीय संपर्कातून भारतात रुजली, असे सामान्यतः मानले जाते. परंतु या तंत्राचा उगम थंड प्रदेशात लोकरीवरच झाला, असा जो समज आहे, त्याला पुराव्याचा आधार नाही. खऱ्या अर्थाने सुयांवर विणलेल्या ज्या सर्वांत जुन्या वस्तू उपलब्ध आहेत, त्यांत ईजिप्तमध्ये सापडलेले मध्ययुगीन मोजे व त्यांचे तुकडे प्रमुख आहेत. ते पांढऱ्या व निळीने रंगवलेल्या कापसाच्या सुताचे आहेत. म्हणजे सुती धागा हा या कलेतील मागाहून आलेला कमअस्सल पर्याय नव्हे. तिच्या आरंभीच्या ज्ञात नमुन्यांतच तो आढळतो.

धाग्याची जुनी पारख

सुयांची वीण नवी असली, तरी हाताने फास व गाठी घालून वस्तू करण्याची परंपरा कृषिजीवनात जुनीच आहे. दुधा-दह्याचे भांडे टांगण्याचे शिंके, बैलाच्या तोंडाला बांधायचे जाळीदार मुसके, नाडे, गोफ, पोळ्याला बैलांना घालायचे गोंडे, नवी वेसण आणि नवा कासरा या साऱ्या वस्तू याच परंपरेतील होत.

या वस्तूंच्या मागे धाग्याची नेमकी पारख होती. ओझे पेलायच्या दोरासाठी अंबाडीचा अथवा तागाचा वाख घेतला जाई, कारण तो चिवट असतो. वेसण बैलाच्या नाकातून ओवलेली राहते. तेथे मऊ सुती दोर श्रेयस्कर, कारण राठ दोराने नाकपुडी सोलवटते. गोंड्यासाठी सैल पिळाचे आणि रंग धरणारे सूत लागे. मेंढीची लोकर या मुलखात अपरिचित नव्हती. धनगरांनी दिलेली घोंगडी शेतकऱ्याच्या खांद्यावर होतीच. पण दख्खनी मेंढीची ती राठ लोकर पाऊस व थंडी अडवण्यासाठी होती, तान्ह्या बाळाच्या अंगाला लावण्यासाठी नव्हे. उपयोग पाहून तंतू निवडावा, हे तत्त्व ग्रामीण कारागिराला कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना अवगत होते. आज वेसण व कासरा नायलॉनचे झाले आहेत. त्यांचा टिकाऊपणा वाढला, परंतु जनावराच्या नाकाचा विचार मागे पडला.

कापूस बाहेर, सूत परके

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळच्या कागदपत्रांत प्रथम आग्नेय वऱ्हाड आणि नंतर वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळचे नाव मिळाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूसपुरवठा तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व मागणी आली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. वऱ्हाड व मध्य प्रांतासाठी स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला गेला, तोही याच दशकात.

या स्थित्यंतराचा एक परिणाम वाणांवर झाला. हिंगणघाटच्या बाजारपेठेत नावाजलेला 'बनी' हा देशी कापूस तलम सुताला योग्य होता. परंतु व्यापाऱ्याला रुईचा उतारा हवा होता. भाव तंतूच्या तलमपणापेक्षा वजनावर मिळू लागला, तेव्हा जाड व आखूड धाग्याचे, पण अधिक रुई देणारे 'जरी' आणि पुढे 'रोझियम' हे वाण पसरले. शेतकऱ्याचा निर्णय व्यवहाराला धरूनच होता. पण धाग्याची प्रत ठरवण्याचा अधिकार सूत वापरणाऱ्याकडून गाठी विकत घेणाऱ्याकडे गेला, हे त्यातून स्पष्ट होते.

दुसरा परिणाम कातणाऱ्या हातांवर झाला. नागपूर-वऱ्हाडात जाडेभरडे कापड विणण्याचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर महार समाजाकडे होता. तलम व रेशीमकाठी कापड कोष्टी विणत. प्रथम विलायती आणि नंतर देशी गिरण्यांचे सूत स्वस्त दराने येऊ लागल्यावर मागावरील कारागीर काही काळ तग धरून राहिला, परंतु घरची कताई मोडली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. हातमागावरून उठलेल्या अनेक कुटुंबांना पुढे अशा गिरण्यांतच मजुरी शोधावी लागली. कापसाचा विस्तार आणि १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ यांचा परस्परसंबंध लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडवरील आपल्या ग्रंथात (१९९७) तपशिलाने मांडला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची बाब ही की, नगदी पिकाच्या या प्रदेशात घराघरांतून सूत नाहीसे झाले आणि कापूस मात्र वाढत राहिला.

सुई, शाळा आणि 'छंद'

नेमक्या याच कालखंडात सुईकाम मराठी स्त्रीशिक्षणात प्रतिष्ठित झाले. मिशनच्या शाळांतून आरंभ झालेल्या या शिक्षणाला पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनाने आणि १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील सेवासदनाने स्वावलंबनाचे अधिष्ठान दिले. निराधार स्त्रीच्या हाती चार पैसे यावेत, हा त्यामागील हेतू होता. पुढे मासिके व नमुन्यांची पुस्तके यांच्याद्वारे वीण मध्यमवर्गीय घरांत पोहोचली. नमुने बहुशः थंड देशांतील असल्याने धागाही तेथलाच, म्हणजे मऊ लोकरीचा, गृहीत धरला गेला. लोकर महाग पडू लागली तेव्हा तिची जागा ॲक्रिलिकने घेतली. ते हलके, रंगीत, धुण्यास सोपे आणि स्वस्त होते. विदर्भाच्या चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हाळ्यात घाम न शोषणारा धागा अंगाला कितपत मानवेल, हा प्रश्न नमुन्याच्या पुस्तकात नव्हता.

या प्रवासात आणखी एक बदल घडला. स्वावलंबनासाठी शिकवलेली कला 'फावल्या वेळचा छंद' म्हणून ओळखली जाऊ लागली. या नामकरणाची किंमत काय असते, हे आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या उदाहरणाने कळते. तेथे मिशनऱ्यांनी आणलेले सुती क्रोशाचे काम निर्यातीचा मोठा धंदा बनले. मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की, जगाच्या बाजारासाठी राबणाऱ्या या स्त्रियांना 'घरी बसणाऱ्या' मानले गेल्यामुळेच त्यांची मजुरी अत्यल्प ठेवणे शक्य झाले.

गुंडीचा हिशोब

छंद आणि श्रम यांतील हे अंतर ओळखून सुताला मोजमाप व मोल देण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न पांढरकवड्याच्या शेजारच्याच जिल्ह्यात झाला. विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्यास आले. अखिल भारत चरखा संघाची स्थापना १९२५ मध्ये झाली. १९३६ मध्ये गांधीजी सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहावयास गेले. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर तकली व चरखा शिक्षणाचे माध्यम म्हणून शाळेत आले.

खादीच्या परिभाषेत चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी होते. ही लांबी सुमारे ८५३ यार्ड भरते. गिरणीच्या सुताची लडी ८४० यार्डांची असते आणि एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतात, तो सुताचा नंबर. नंबर जितका मोठा, तितके सूत तलम. गिरणीचे आणि चरख्याचे माप असे जवळजवळ जुळत असल्याने कातणाऱ्या स्त्रीला आपल्या सुताची प्रत स्वतः सांगता येई. १९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहाने चरखा संघाने कातणाऱ्यांना जीवनवेतन देण्याचे तत्त्व स्वीकारले. खादी त्यामुळे महागणार, हे उघड होते. तरीही कातणारीच्या अर्धपोटी श्रमावर स्वस्ताई उभारावयाची नाही, असा तो निर्णय होता. खादीचे हे सूत मात्र प्राधान्याने मागाकडे गेले. हातविणीच्या सुयांपर्यंत ते फारसे पोहोचले नाही.

सूतनिवडीची कसोटी

वास्तविक हातविणीला अतितलम सुताची आवश्यकताच नसते. २० नंबरच्या सुताचे आठ पदर एकत्र पिळले, तर पिळाने होणारे आकुंचन वगळता त्यांचा एकत्रित नंबर अडीच होतो. १० नंबरचे चार पदर घेतले तरी उत्तर तेच. असा धागा १०० ग्रॅममध्ये सुमारे ४२० मीटर भरतो आणि झबले, टोपरे, रुमाल यांसाठी तो उपयुक्त आहे. पदर दुप्पट केले की पिशवी अथवा आसन विणता येते. १० ते २० नंबरचे सूत आखूड धाग्याच्या देशी कापसातूनही निघते. ज्या कापसाला गिरण्यांनी हलका ठरवले, तो या कामाला पुरेसा होता. आज या भागात प्रामुख्याने पिकणाऱ्या लांब धाग्याच्या संकरित कापसाविषयी तर शंकेचे कारणच नाही.

अर्थात सुती धाग्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. लोकरीसारखा ताण देऊन पूर्ववत होण्याचा गुण कापसात नाही. म्हणून मोज्याची वा टोपीची कड सुती धाग्यात लहान सुयांवर, घट्ट व उलट-सुलट पट्ट्यांत विणावी लागते. लांब व जड वस्तू स्वतःच्या वजनाने ओघळते. याउलट कापूस ओला झाल्यावर अधिक बळकट होतो, वारंवार धुणे सोसतो, घाम शोषतो आणि त्वचेला टोचत नाही. तोरण, लेस यांसारख्या शोभेच्या वस्तूंना कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेले चकचकीत, अधिक पिळाचे सूत योग्य ठरते, तर बाळाच्या टोपऱ्याला सैल पिळाचे. पिशवीला मजबुती हवी, मऊपणा दुय्यम. ॲक्रिलिकला यात स्थान नाही असे नव्हे. हिवाळी स्वेटरसाठी त्याचा हलकेपणा सोयीचाच आहे. आक्षेप आहे तो इतर सर्व वस्तूंसाठीही दुकानात तोच एक पर्याय उरण्याला.

समारोप

विदर्भातील कापूस उत्पादकांच्या संकटाची दखल घेऊन जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली. तिचा भर कर्ज, व्याज, सिंचन व बियाणे यांवर होता. सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीच्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. कापूस या विभागातच कापडापर्यंत नेण्याची आकांक्षा त्यामागे आहे आणि ती स्वागतार्ह आहे. परंतु रुई आणि कापड यांच्या मधला जो टप्पा घरातील स्त्रीच्या हाती सहज येऊ शकतो, तो म्हणजे विणण्यायोग्य सुती धागा. मोठ्या प्रकल्पांच्या आखणीत त्याचा विचार अपवादानेच होतो. हातविणीने कापसाचे संकट सुटेल, असा दावा येथे नाही. इतकेच म्हणावयाचे आहे की, कापूस पिकवणाऱ्या घराला त्याच कापसाचे सूत ओळखता, मोजता आणि निवडता येऊ नये, ही नैसर्गिक स्थिती नसून ऐतिहासिक प्रक्रियेची निष्पत्ती आहे.

या दृष्टीने महाविद्यालयांना दोन कामे हाती घेता येतील. गृहविज्ञान व इतिहास विभागांनी मिळून परिसरातील शिंकी, गोफ, गोंडे, वेसणी यांचे नमुने, त्यांतील तंतू आणि त्यांची स्थानिक नावे ही जाणकार वृद्ध हयात आहेत तोवर नोंदवावीत. बचत गटांच्या विणकाम प्रशिक्षणात टाक्यांबरोबर सुताचा नंबर, पदर व पिळ यांचे ज्ञान आणि वस्तूच्या किमतीत विणण्याचे तास धरण्याची पद्धत शिकवावी. ज्या स्त्रीला आपल्या धाग्याचा नंबर आणि आपल्या तासांचा हिशोब सांगता येतो, तिच्या कामाला फावल्या वेळचा छंद म्हणून कमी मोल देणे व्यापाऱ्याला तितकेसे सोपे राहत नाही.