बुरशी, पेंढ्याच्या घरांतील
पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी बांधलेल्या भिंतींत ओलीमुळे होणारी कवकवाढ. सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीत (उंची सुमारे ६९० मी.; वार्षिक पाऊस ७,००० मिमी.च्या आसपास) पावसाळ्यात जांभ्याच्या भिंतीही हिरवट होतात, मग पेंढ्याची काय कथा! पेंढ्यातील ओल २० टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. गवती छपराला चुलीचा धूर सुकवतो. गिलाव्याआडच्या पेंढ्यापर्यंत तो पोचत नाही. म्हणून उंच जोते, रुंद वळचण आणि ओल बाहेर सोडणारा चुन्याचा गिलावा हवा, सिमेंटचा नको. बुरशीच्या नुकसानीला विम्याचाही आधार नाही: १ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ या घरविम्यात आग, वादळ, पूर, दरड येतात. सावकाश मुरणारी ओल येत नाही. गवती भिंती विम्याच्या व्याख्येत ‘कच्चे बांधकाम’ ठरतात. म्हणून विम्याच्या प्रस्तावात भिंतीचे साहित्य स्पष्ट लिहावे.