‘विद्यार्थी-खेळाडू’ : अमेरिकन विद्यापीठांतील लेखनशिक्षणाचे एक प्रकरण

अमेरिकेतील विद्यापीठीय व्यवहारात ‘विद्यार्थी-खेळाडू’ या अर्थाचा जोडशब्द १९५० नंतरच्या दशकात रूढ झाला. तो भाषेच्या स्वाभाविक वाढीतून आलेला नाही. मैदानावर जायबंदी झालेले खेळाडू व मृत खेळाडूंचे वारस कामगार म्हणून नुकसानभरपाई मागू लागले, तेव्हा खेळाडू हा नोकर नव्हे हे ठसविण्यासाठी महाविद्यालयीन क्रीडांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने तो घडविला व आपल्या नियमांत सर्वत्र योजिला. ही साक्ष त्या संघटनेचे दीर्घकाळचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिली आहे. या जोडशब्दातील पूर्वपद कितपत सार्थ होते, याची परीक्षा मुख्यतः लेखनाच्या वर्गात झाली.

याचे कारण अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे. हार्वर्ड येथे १८८५ च्या सुमारास प्रथम वर्षाला इंग्रजी लेखनाचा वर्ग सक्तीचा झाला आणि पुढे बहुतेक विद्यापीठांनी तोच कित्ता गिरविला. इतर विषयांत निवडीला वाव असे. निबंध मात्र कोणालाच चुकविता येत नसे. त्यामुळे हा वर्ग विद्येचे अंग होण्याबरोबरच प्रवेशद्वारावरचा पहारेकरीही झाला. ज्याचे शालेय शिक्षण दुबळे आणि खेळ मात्र उत्तम, असा तरुण या द्वाराशी अडखळणे अपरिहार्य होते.

जॉर्जिया विद्यापीठात याची परिणती न्यायालयीन झगड्यात झाली. तेथील पूर्वतयारीच्या इंग्रजीत अनुत्तीर्ण झालेल्या नऊ फुटबॉल खेळाडूंना १९८१ च्या अखेरीस पुढील वर्गात ढकलण्यात आले. त्यामुळे जानेवारी १९८२ मधील महत्त्वाच्या सामन्यास ते पात्र राहिले. याला विरोध करणाऱ्या अध्यापिका जॅन केम्प यांना पुढे सेवामुक्त करण्यात आले. १९८६ साली ज्यूरीने त्यांच्या बाजूने निर्णय देऊन पंचवीस लक्ष डॉलरांहून अधिक भरपाई ठरविली. ती रक्कम नंतर बरीच कमी झाली, परंतु केम्प पुन्हा आपल्या पदावर आल्या. खेळाडू पदवीपर्यंत पोचला नाही तरी थोडे लिहावाचावयास शिकला तर त्याला बरी नोकरी मिळेल, असा युक्तिवाद विद्यापीठाच्या वकिलाने केला होता. तो खरा मानला तरी त्या नऊ जणांना वर्गातून सोडून देण्याचे समर्थन त्यातून होत नाही. उलट तेवढेही शिकविले गेले नाही, हेच उघड होते.

दुसरे उदाहरण क्रेटन विद्यापीठाचे. केव्हिन रॉस हा बास्केटबॉलपटू चार वर्षांनी, १९८२ साली, तेथून बाहेर पडला तेव्हा त्याचे भाषाकौशल्य चौथीच्या आणि वाचन सातवीच्या पातळीचे होते, असे त्याच्या दाव्यात नमूद आहे. शिक्षणातील हयगयीबद्दलची त्याची मागणी न्यायालयाने फेटाळली. परंतु कबूल केलेले साहाय्य मुळीच दिले नाही, या मुद्द्यावर करारभंगाचा दावा चालू शकतो, असा निर्णय १९९२ साली अपील न्यायालयाने दिला.

अशा विद्यार्थ्यांना लेखन शिकविताच येत नाही, हा समज मात्र त्यापूर्वीच खोडला गेला होता. न्यूयॉर्क नगर विद्यापीठाने १९७० साली प्रवेश सर्वांस खुला केला. तेव्हा सिटी कॉलेजात आलेल्या नवागतांचे सुमारे चार हजार निबंध मिना शॉनेसी यांनी तपासले आणि १९७७ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. हे विद्यार्थी बहुतांशी खेळाडू नव्हते. पण त्यांची लेखनातील अडचण तीच होती. शॉनेसी यांना दिसले की, या चुका यदृच्छेने होत नाहीत. त्यांना अंतर्गत नियम असतो, आणि त्यांचे मूळ बुद्धिमांद्यात नसून लेखनाच्या अल्प सरावात असते. म्हणजे उपाय होता. पण त्यास वेळ लागतो. स्वतः लिहावे, चूक समजून घ्यावी, पुन्हा लिहावे, हा क्रम दुसऱ्याला उरकून देता येत नाही. खेळाडूजवळ नेमका वेळच नसे. १९९१ पासून हंगामातील सरावाला आठवड्यास वीस तासांची मर्यादा घालावी लागली, यावरूनच पूर्वीच्या परिस्थितीची कल्पना येते.

पुढे द्वार टाळण्याची रीत तेवढी बदलली. मिनेसोटा विद्यापीठातील बास्केटबॉल खेळाडूंसाठी एका कर्मचारी स्त्रीने काही वर्षांत चारशेहून अधिक लेखी कामे लिहून दिल्याचे १९९९ साली उघडकीस आले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील एका विभागात अठरा वर्षे वर्गच न भरणारे पाठ्यक्रम चालले. तेथे केवळ एक निबंध द्यावा लागे आणि त्यास अध्यापक नसलेली व्यक्ती सढळपणे गुण देई. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला; त्या नोंदणीत जवळजवळ निम्मा भाग खेळाडूंचा होता.

अनुत्तीर्णास सोडून देणे, त्याच्यासाठी लिहून देणे आणि न वाचता गुण देणे, या तिन्ही प्रकारांत खेळाडूवर कृपा केल्याचा आभास आहे. वस्तुतः तिन्हींत त्याच्या हातातून लेखणी काढून घेतली गेली. धावण्याचा सराव दुसऱ्याने करून चालत नाही, हे ज्या संस्थांना मैदानावर पक्के ठाऊक होते, त्यांनी लेखनाच्या बाबतीत तोच नियम डावलला. हंगाम संपला की ‘खेळाडू’ हे उत्तरपद गळून पडते. मग माणसाजवळ उरावयाचे ते पूर्वपदच, आणि नेमके तेच त्याला दिले गेले नव्हते.